आधी सदानंद, मग विलासराव

मधुकरवर प्रेम करणाऱ्या सर्व मंडळींनो, मी शाळेत मराठी शिकवते. कविता समजावून सांगायची मला सवय आहे, माणूस सांगायची नाही. तेव्हा मी क्रमाने जाते. त्याने आवाज सावरतो.

गोरेगावच्या आपल्या कॉलनीत गेल्या दहा वर्षांत जी लग्ने झाली, त्यांतले बहुतेक उखाणे मधुकरने लिहिले. हे त्याला आले कुठून? तो बायकांत वाढला. वडील गिरणीत, घरी आई आणि दोन मावश्या. हळदीकुंकवाला गुलाबदाणी धरायचा तो. मावशी म्हणायची, "बायलमाणसांत काय बसतंस रे? झिलांत जा." तो म्हणायचा, "थंय माका कोण घेणत नाय."

म्हणून तो तिथेच बसला, आणि ऐकत राहिला. उखाणा म्हणजे काय? जे नाव एरवी उच्चारायचे नसते, ते चारचौघांत घेण्याची सोय. मंडळी, ही सोय मधुकरइतकी कोणाला लागत होती? मोठेपणी तो जसा होता, त्याला आपल्याकडे बरा शब्द नव्हता. वाईट पुष्कळ होते. त्याने ते सगळे ऐकले होते.

आता पद्धत. प्रत्येक उखाणा तो आधी एकाच नावावर बेतून पाहायचा: सदानंद. म्हणजे त्याच्याबरोबर चौदा वर्षे एका खोलीत राहिलेले, रेशनकार्डावर आतेभाऊ असलेले आपले सदानंदराव. चाल जमली की ते नाव खोडायचे आणि नवऱ्याचे घालायचे.

शोभाच्या लग्नात खोडायचे राहिले.

घाबरलेली नवरी विचार करत नाही, पाठ केलेले म्हणते. भर पंगतीत शोभा म्हणाली,

"आरेच्या बाटलीला चंदेरी झाकण,
सदानंदरावांना घास भरवते, बघतात सगळे जण."

नवऱ्याचे नाव विलास. पंगत थांबली. सासूबाईंनी विचारले, "हा सदानंद कोण गं?"

मागून उत्तर आले, "मी. मठ्ठा वाढतोय."

मधुकर पुढे झाला. "काकू, मुलीची चूक नाही. ते नाव माझं आहे. म्हणजे, मी मापाला वापरतो." सासूबाई म्हणाल्या, "मग मापाचं माप राहू दे, आमच्या विलासचं घाल." सर्वांत आधी विलास हसला. तो आज शोभाशेजारी बसला आहे, आणि आत्ताही हसतो आहे. हस रे.

मधुकरची वही सध्या माझ्याकडे आहे. पानोपानी सदानंद, त्यावर एक बारीक रेघ, शेजारी सुरेश, दिलीप, विलास. तुम्हा साऱ्यांचे नवरे त्या वहीत दुसरे आहेत, बायांनो.

हे सांगू का, असे मी सकाळी सदानंदरावांना विचारले. ते म्हणाले, "सांगा, बाई. पण मठ्ठ्याचं आधी. त्याला ते फार आवडायचं."

सदानंदराव, तुम्ही चपलांपाशी बसला आहात. आतेभावाची जागा असेल ती, तुमची नव्हे. पुढे या. विलास, सरक जरा.

आता आपण मधुकरसाठी दोन मिनिटे उभे राहू. प्रत्येकीने आपला उखाणा मनात म्हणावा. नाव मात्र वहीत आधी होते, ते घ्यावे.

बाकीच्यांनी बघावे. सगळ्या जणांनी.