दोनशे पावलांचा उजेड

किनिंदेच्या बाजारात लोखंडी सामानाच्या दुकानात एल्विरा रांगेत उभी होती. तिच्या पुढे म्हातारा राखणदार लिसांद्रो बॅटरी निवडत होता, दुकानदार त्याला एकेक दाखवत होता.

"ही घ्या, काका. एलईडी, पोलिसांकडे असते तसली. चिखलात पडली तरी विझत नाही. अकरा डॉलर."

"उजेड कुठवर जातो?"

"दोनशे पावलं. समोरच्याच्या मिशीचे केस मोजा."

"मग नको."

"नको? कोकोच्या गोदामावर राखण करता ना तुम्ही?"

एल्विराच्या वर्षभराच्या कोकोची नऊ पोती त्याच गोदामात होती.

"बावीस वर्षं करतोय, म्हणूनच नको. मी चोराला दिसलो म्हणजे झालं. तो मला कशाला दिसायला हवा?"

"कोण आहे ते कळायला."

"तेच तर. तोंड दिसलं की नाव येतं, नावामागून त्याची आई येते, आईमागून सगळं गाव येतं. गेल्या महिन्यात मुकादमाची मोठी बॅटरी नेली, तर उजेडात माझाच भाचा, पाठीवर पोतं."

"मग?"

"मग काय, म्हटलं, गुडघ्यात वाकून उचल बाबा, कंबर धरेल."

"ही सहा डॉलरची बघा. पण हिचा उजेड जेमतेम पायापुरता."

"पाय माझेच आहेत. दे."

एल्विरा पुढे सरकली.

"मला ती अकराची द्या, काकांनी नको म्हटलेली."

"एवढ्या लांबचं काय बघायचंय गं बाई तुला?"

"मी लग्न होऊन आले इथे, काका. या गावात मला भाचा नाही."