वरच्या षड्जावरचं हसू

मंडळी, सांगा बरं — माणसाला लाज कशाची वाटावी? आपण जे आहोत त्याची, की आपण जे केलं त्याची?

पुढच्या काकू म्हणतायत, केलं त्याची. बरोबर! देवळात बसून हे उत्तर सगळ्यांना येतं. मलाही येत होतं. कीर्तनकाराच्या घरात जन्मलेली मुलगी मी, मला नाही येणार? आणि तरी एकोणिसाव्या वर्षी याच प्रश्नात मी नापास झाले. म्हणून आज उत्तररंगाला पुराणातलं आख्यान नाही. माझंच सांगते. ऐका.

माझे वडील मुकुंदबुवा आठल्ये. देवरुखाकडच्या जुन्या मंडळींना ठाऊक असतील. बारावीला मला चांगले मार्क पडले, शिष्यवृत्ती मिळाली आणि मी पुण्यातल्या एका खाजगी विद्यापीठात दाखल झाले. काय ते विद्यापीठ! सगळी काचेची इमारत, गळ्यात ओळखपत्राची पट्टी, ती दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. वर्गात एवढा गारठा की मुलं वैशाखात स्वेटर घालून बसायची. हजेरी पंच्याहत्तर टक्के हवीच — तुमच्यासारखं नाही हो, आरतीला आलं की झालं!

पहिल्याच दिवशी कॅन्टीनमध्ये मुलं एकमेकांना विचारत होती, शाळा कुठली, सुट्टीत कुठं जाता, घरचे काय करतात. कुणी वाईट मनानं विचारत नव्हतं, त्यांचा तो रिवाजच होता. माझ्यापर्यंत प्रश्न आला. मी म्हटलं, बाबा म्युझिक टीचर आहेत. इंग्रजीत म्हटलं. ऐकायला बरं वाटलं. खोटं तरी कुठं होतं? पेटी शिकवायचेच की ते दोन मुलांना! असं मी स्वतःला समजावलं. मंडळी, खोटं बोलायला खोटंच बोलावं लागतं असं नाही.

हळूहळू मी रुळले. प्रेझेंटेशनला उभी राहायला शिकले, इंग्रजी सुधारलं, तारिणी नावाची मैत्रीण मिळाली. दिल्लीची मुलगी, मनानं मोकळी. आजारी पडले तेव्हा चार दिवस मेसमधून माझं ताट खोलीत आणून देत होती. नाटकाच्या क्लबात तिनंच मला नेलं. तिथं सगळे हुशार, सगळे विनोदी. मी आपली कोपऱ्यात, पडदा ओढायला.

दुसऱ्या वर्षी फेस्ट आला. एक विनोदी प्रवेश बसवायचा होता. कुणीतरी सुचवलं, गावातला कीर्तनकार दाखवू या. पण करणार कसं? कुणी पाहिलंच नव्हतं. आणि मंडळी, मी कोपऱ्यातून उठले. म्हटलं, मी करून दाखवते.

पागोटं कसं सावरायचं, उपरणं कसं झटकायचं, सगळं दाखवलं. मुलं पोट धरून हसली. तिथं पहिल्यांदाच मला आपण कुणीतरी आहोत असं वाटलं. मग मी आणखी एक गोष्ट केली. माझ्या वडिलांच्या घशाचं ऑपरेशन झालं होतं. त्यानंतर वरच्या षड्जाला त्यांचा आवाज फाटायचा. फाटला की ते गळ्याला दोन बोटं लावायचे, श्रोत्यांकडे बघून ओशाळं हसायचे आणि पुढे गायचे. मी तेही केलं. तो फाटलेला सूर, ती दोन बोटं, ते हसू.

फेस्टच्या दिवशी बुवा मीच झाले, सभागृह खच्चून भरलेलं. त्याच जागी सर्वांत मोठा हशा आला.

विद्यापीठानं तो व्हिडिओ आपल्या पानावर टाकला. आमच्या गावातल्या एका मुलानं तो पाहिला आणि अगदी कौतुकानं बाबांकडे नेला — बुवा, तुमची मैथिली स्टेजवर कीर्तन करतेय! बाबांनी तो शेवटपर्यंत पाहिला. मला आईकडून कळलं. आईनं फोनवर एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

मी तारिणीला सगळं सांगितलं, की ते बुवा म्हणजे माझे बाबा. मला वाटलं, ती म्हणेल, जाऊ दे. ती म्हणाली, "तू आधी सांगितलं असतंस तर आम्ही हे केलंच नसतं, मैथिली."

विचार करा! ज्यांच्या धाकानं मी बाप लपवला, त्यांनी त्याचा मान राखला असता. लाज काढली ती मी.

रामनवमीला घरी गेले. बाबांनी चौकशी केली — जेवण नीट असतं ना, परीक्षा कधी. त्या विषयाचा एक शब्द नाही. मीही काढला नाही. दुपारी देवळात त्यांचं कीर्तन. मी बायकांत बसले होते. एक पद आलं, त्यातली वरच्या षड्जाची ती जागा आली. बाबांनी पेटीवाल्यांना खूण केली. वरचा षड्ज पेटीनं वाजवला आणि बाबा डोळे मिटून गप्प उभे राहिले. लोकांना वाटलं, काय रंगले बुवा! कुणी हात जोडले. मला तिथं बसवेना.

घरी आल्यावर पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, "बाबा, चुकले मी."

त्यांनी मला उठवलं. रागावले नाहीत हो, रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "तू खोटं काही केलं नाहीस. आवाज फाटतो माझा, ते हसू पण तसंच येतं. फक्त लोक हसले तेव्हा तू त्यांच्यात होतीस. तेवढं मला पाहवलं नाही, बाळ."

त्यानंतर चार वर्षं ते कीर्तन करत होते. ती जागा त्यांनी पुन्हा कधी गायली नाही. मी किती विनवलं. ते म्हणायचे, आता सवय गेली. मग ते गेले. पदवी हातात होती, तरी मी हे उपरणं खांद्यावर घेतलं. लोक म्हणतात, लेकीनं वारसा चालवला. 

आता तुमच्याकडे वळते. कुणाच्या घोळक्यात जागा मिळावी म्हणून तुम्ही घरातल्या कुणाची नक्कल केलीत? आईच्या बोलण्याची? आजोबांच्या थरथरत्या हाताची? बायकोच्या उच्चारांची, चार मित्रांसमोर? मला सांगू नका. ते माणूस अजून असेल, तर आज घरी जाऊन त्याला सांगा. उद्यावर टाकू नका. देवापुढे डोकं नंतर टेकवलंत तरी तो थांबेल. माणूस थांबत नाही.