जावई मोजायचा न्हाई

न्हाई, तुमी मला एवडंच सांगा... सहा फूट चार इंचाचा गडी, हातात पेढ्याचा बॉक्स, आन मला बगून त्यो बॉक्स पाठीमागं लपवतो! का? पेढ्यावर सरकारनं बंदी घातलीय व्हय? बरं, आदल्या दिवशी प्रॅक्टिसला आला तर दाढी गुळगुळीत, अंगाला अत्तर! आवं, बास्केटबॉलला अत्तर लावून कोन येतंय? समोरच्या गड्याला काय वासानं पाडायचाय? मी तवाच म्हनलं, पानी कुठंतरी मुरतंय!

आता तुमी म्हनाल, मेजरला सवयच हाय संशयाची. हाय ना! बावीस वर्सं फौजेत काढली. रिटायर झालो हवालदार म्हनून, पर आमच्याकडं फौजेतनं आलेल्या परत्येक मानसाला मेजरच म्हनत्यात, तवा मी मेजर राजाराम, मुक्काम खंडाळा. पलटनीकडनं बास्केटबॉल खेळलोय आन सेंट्री ड्यूटी तर इतकी केलीय की अजून रात्री भांडं वाजलं तर झोपेत उठून वरडतो, 'थम! कौन आता है?' आमच्या राजेश्वरीबाई कूस बदलून म्हनत्यात, 'आवं मांजर हाय, झोपा गप.' आता ती मांजर कशावरनं? बगितली का कुनी?

तर ह्यो सगळा घोळ सुरू झाला महेंद्रच्या च्याच्या टपरीवर. रोज सकाळी सहाला साखरंच्या बरनीला मोबाइल टेकवून आमेरिकेची बास्केटबॉलची मॅच लागती, आन आमी धा-बारा जन भोवतीनं. तुमाला सांगतो, ह्या टपरीवरच्या मानसांस्नी सोताच्या पोराचा पगार ठावं नसतोय, पर आमेरिकेतला कंचा गडी कुठल्या संघातनं कुठं चाललाय, कुनाच्या बदल्यात, किती वर्सांचा करार, सगळं तोंडपाठ! त्यातनं तिकडं पगाराला मर्यादा हाय. म्हंजे एका संघानं सगळ्या गड्यांवर मिळून किती खर्चायचं त्येचा आकडा ठरल्याला. ह्या इषयातलं आमचं हायकोर्ट म्हंजे भाऊसाहेब, रिटायर तलाठी. बशीतनं च्या वडत सांगत्यात, 'मेजर, मर्यादेच्या वर गेला की दंड बसतो, दंड! पर त्यात बी पोटखराबा वजा करायचा असतोय.' आता पोटखराबा म्हंजे सात-बारावरची नापीक जमीन, ती आमेरिकेत कुठनं आली? पर इचारायची सोय न्हाई. इचारलं की नकाशा काढत्यात.

ह्या टपरीवरनंच आमची तालुक्याची लीग निघाली. सहा संघ. कमिटी परत्येक गड्याला पॉइंट लावनार आन संघाची बेरीज शंभराच्या वर जायची न्हाई. संघाचे मालक कोन, तर खंडाळ्याचा मी, शिरवळचा लालासाहेब, ट्रकवाला, दारात आठ गाड्या, आन बाकीचं चार. मालक असलो तरी खेळाडूत बी नाव दिलं, तर मला किती पॉइंट लावलं माहितीय? दोन! पलटनीकडनं खेळल्याल्या मानसाला दोन! लालासाहेब हसला. बगा, मिशीत हसला. मग मी बी गप बसलो न्हाई. कमिटीत नियम सात मीच लिवून घेतला, 'संघमालकाच्या घरचा मानूस मोजायचा न्हाई.' म्हंजे मी शून्य. शून्याला कोन हसनार?

आन त्यो पेढं लपवनारा गडी म्हंजे माझा सेंटर, बास्केटखाली उभा करायचा सगळ्यात उंच गडी, जयराज. मूळचा जतचा पोरगा, शिरवळला कंपनीत कामाला, खोली खंडाळ्यात. आला तवा चेंडू धरायचा कलिंगड धरल्यावानी. त्येला पाय टाकायला मी शिकवलं, उडी मी शिकवली. 'आरं ए जया, गाढवा, कंबर मोड!' करून घसा माझा फुटला. पयल्या साली पंचवीस पॉइंटला घेतला, आमी कप जिंकला. आन ह्या साली कमिटीनं त्येला किती लावलं? साठ! बाकीची पोरं माझी सत्तर. बेरीज करा. एकशे तीस! आता एक तर तीन पोरं सोडायची, न्हाईतर जयराज. तीन आठवडं मला जेवन गेलं न्हाई. ती तीन पोरं मी लहानाची मोठी केल्याली, आन जयराज तर काळजाचा तुकडा. कुनाला जा म्हनू?

आन त्यात एक दिवस महेंद्र माझ्या कानाशी लागला. 'मेजर, आतल्या गोटातली बातमी हाय. बोलू का नको... लालासाहेब आपली भाची देतोय जयराजला.'

कप हातातच ऱ्हायला माझ्या. आलं का ध्यानात? भाची दिली की जयराज शिरवळच्या मालकाच्या घरचा मानूस. घरचा मानूस म्हंजे शून्य पॉइंट. आन लालासाहेबाचं शंभर पॉइंट बाकीच्या गड्यांसाठी तसंच शिल्लक! माझ्याच नियमानं माझाच सेंटर उचलनार! पेढं, अत्तर, दाढी... आता लागली का कडीला कडी? पानी कुठंतरी मुरतंय म्हनत हुतो का न्हाई मी!

त्या दिवशी टपरीवर दोन तास चर्चा. आमेरिकेची मॅच कवा संपली कुनाला पत्ता न्हाई. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. 'हे बगा, मुलीचा नवरा पूर्ण घरचा. भाचीचा नवरा, वारसाच्या हिशेबानं, निम्मा. म्हंजे तीस पॉइंट लागू.' मागनं कुनीतरी इचारलं, 'आन घरजावई झाला तर?' 'मग पूर्ण. पर रेशन कार्डावर नाव चडलं पायजे!' च्याच्या अकरा फेऱ्या झाल्या. महेंद्रचा धंदा जोरात. मी त्येच्याकडं बगितलं, ह्यो अफवा इकतोय का च्या?

म्हनलं आपन सोता जाऊन बगावं. काढली गाडी आन गेलो शिरवळला. तर सुताराच्या दारात पलंग उभा, साडेसात फुटी! 'कुनाचा रं ह्यो?' त्यो रंधा मारत म्हनतो, 'न्हाई सांगता येत मेजर, गिऱ्हाइकानं गप ऱ्हायला सांगितलंय.' बगा! पलंगाला कसली आलीय गुप्तता? फुडं गेलो तर खुद्द लालासाहेब. 'या मेजर, च्या घ्या.' आता वैरी च्या का पाजतो? त्यो बी दुधाचा, साय घातल्याला! म्हनलं, 'लय खुशीत दिसताय?' तर म्हनतो, 'म्हस व्याली सकाळी.' म्हस! बरोबर आजच! मी गोठ्यात जाऊन बगून आलो. रेडकू हुतं... पर रेडकू काय, कुनाचं बी आनून बांधता येतंय.

आता एक घरातली गोष्ट सांगतो, बाहेर बोलू नका. आमची लेक शिवांजली, हायस्कूलला गनित शिकवती आन मॅचला टेबलावर बसून स्कोर लिवती. मागल्या साली राजेश्वरीबाईंनी इषय काढला हुता की जयराज पोरगा चांगला हाय, आपल्या शिवाला... तवा मी ताट सारून उठलो हुतो. 'जतला? जितं प्यायच्या पान्याला टँकर लागतो तितं माझी पोरगी?' शिवांजली आठ दिस माझ्याशी बोलली न्हाई. मला वाटलं, परीक्षेचं पेपर तपासत असंल.

तर शिरवळासनं आलो, जेवायला बसलो आन आमटी भुरकत म्हनलं, 'जतचं हवामान कोरडं हाय, न्हाई का? तब्येतीला लय चांगलं असतंय म्हनं.'

राजेश्वरीबाई म्हनल्या, 'व्हय का? आन टँकर?'

'आवं, टँकरच तर घरचा हाय! जयराजचा बाप टँकरवर डायव्हर. पानी दारात! खंडाळ्यात तरी येतंय का असं?'

शिवांजलीनं मान खाली घातली आन हळूच म्हनली, 'तुमी म्हनाल तसं, आण्णा.'

आता बगा, म्या म्हशीवर संशय घेतला, पलंगावर घेतला, च्याच्या सायीवर घेतला. आन जी पोरगी पंचवीस वर्सांत एकदा बी 'तुमी म्हनाल तसं' म्हनली न्हाई, साधी भाजी कंची करायची त्येच्यावर वाद घालती, ती असं म्हनली, आन मी काय केलं? डोळं पुसलं! म्हनलं, संस्कार हायत, संस्कार!

दुसऱ्याच दिवशी जत गाठलं. जयराजचा बाप टँकरखाली निजून नट आवळत हुता. 'बसा री मेजर, बसा.' म्या सरळ मुद्द्याला हात घातला. 'लालासाहेबांनी काय कबूल केलंय त्येच्यापेक्षा आमी कमी पडनार न्हाई.' त्यो टँकरखालनं मुंडकं काढून म्हनतो, 'कोन लालासाहेब री?' वा! काय कसलेला मानूस! चेहऱ्यावर रेघ न्हाई! म्हनलं, 'मानपान, कपडं, सगळं करतो.' तर म्हनतो, 'आमाला काय नको री, पोरगी तेवडी द्या.' आता तुमी ऐकलंय का कवा, पोराकडचं मानूस काय नको म्हनतंय? येताना सगळ्या रस्त्यानं मला एकच, पानी कुठंतरी मुरतंय. जतला पानी मुरतंय म्हंजे इचार करा! पर लालासाहेबाच्या आधी गाठायचं हुतं ना... दिला सबूद.

तीन आठवड्यात लगीन. भाऊसाहेब रजिस्टर घिऊन मांडवातच बसलं हुतं. अक्षदा पडल्या तशी त्येंनी टोपन काढलं आन लिवलं, 'जयराज. जावई. शून्य.' संघ पुरा, पोरं सगळी जाग्यावर, बेरीज सत्तर! तुमाला सांगतो, छाती अशी फुगली... आन समोरनं आला लालासाहेब, आहेर घिऊन. म्हनलं, हीच ती येळ. मिशीवर हात फिरवला. 'काय लालासाहेब! आता भाचीला दुसरं स्थळ बगा!'

'कुनाच्या भाचीला?'

'तुमच्या!'

'मेजर, आमी चार भाऊ. भन न्हाई मला. बायको बी एकटीच. भाची आनू कुठनं?'

मी महेंद्रकडं बगितलं. त्यो जिलबीच्या ताटामागं. 'मला... मला शिवांजलीताईंनी सांगायला सांगितलं हुतं मेजर. टपरीवर सोडून दे म्हनल्या, फुडचं आपोआप हुतंय.' तेवड्यात दारात टेम्पो, टेम्पोत साडेसात फुटी पलंग, आन राजेश्वरीबाई वरडत्यात, 'आतल्या खोलीत ठिवा रं!' सगळं गाव आमच्याकडं बगतंय. पेढं बी आमच्याच राजेश्वरीबाईंनी धाडल्यालं, बोलनी पक्की झाल्याचं! मी सोडून सगळ्यांशी! मी पोरीकडं गेलो. म्हनलं, 'शिवा, बापाला फसवलंस?' मुंडावळ्या सारून म्हनली, 'आण्णा, सरळ मागितलं तर तुमी ताट सारून उठलासा. मग म्या नियम सात वाचला.' आन हसली. तुमाला खरं सांगतो, राग आला हुता, लय आला हुता... पर ती अशी हसली की माझं डोळंच भरलं. म्हनलं जाऊंद्या. पोरगी सुकात, सेंटर घरात, पॉइंट शून्य. ह्यात वंगाळ काय?

काय वंगाळ? सांगतो काय वंगाळ!

प्रॅक्टिस सुरू झाली. जयराज चेंडू सोडून उभा. मी तोंड उघडलं, 'आरं ए ग...' आन थांबलो. जावयाला गाढव म्हनायचं? चारचौघात? 'आवं जावईबापू... जरा... सवडीनं... कंबर मोडता का?' बाकीची पोरं पोट धरून खाली बसली. पन्नास फेऱ्या मारायला लावू म्हनलं तर राजेश्वरीबाईंचा फोन, 'जावयाला पळवताय म्हनं?' हिला कोन सांगतंय? कोन तरी सांगतंय! म्या मोबाइलच गोळा करून पोत्यात घातलं सगळ्यांचं, तरी बातमी घरी!

आन फायनल आली ती नेमकी अधिक महिन्यात. धोंड्याचा महिना! जावयाला घरी बोलवून धोंडं जेवायला घालायचा महिना! म्हनलं, बाईसाहेब, मॅच झाल्यावर घाला. 'मुहूर्त सकाळचा हाय.' पुरनाचं धोंडं, वर तुपाची धार. मी समोर बसून मोजत हुतो. एकोनीस! एकोनीस धोंडं! आन चार वाजता फायनल, शिरवळबरोबर.

शिरवळचा पाच फूट दोन इंचाचा पोरगा ह्येच्या काखेखालनं जायचा, चेंडू टाकून परत यायचा, तवर ह्यो वळायचा नुसता. सात पॉइंट मागं पडलो. म्या हात वर केला, खेळाडू बदला म्हनून. तशी मंडपातनं राजेश्वरीबाई उभ्या ऱ्हायल्या. पदर कमरंला खोचला. आन स्कोरच्या टेबलावरनं शिवांजली, पेन खाली न ठेवता, 'आण्णा, महिना कंचा हाय?' अधिक महिन्यात जावई म्हंजे साक्षात नारायन! आता नारायनाला बेंचवर बसवू? जयराज बिचारा लांबनं हातानं खुनवत हुता, 'बसवा मला मामा, पाया पडतो!' पर माझा हातच खाली आला. अकरानं हरलो.

त्याच संध्याकाळी मी कमिटीम्होरं गेलो. म्हनलं, फुडल्या सालासाठी गड्यांच्या अदलाबदलीची मुदत हाय तवर माझी बी करा, शिरवळबरोबर. संघ शिवांजलीच्या नावावर केला. जयराज आता मालकिनीचा नवरा, अजून शून्यच! भाऊसाहेबांनी नियम बगितला, म्हनलं चालतंय. माझ्या बदल्यात शिरवळनं खंडाळ्याला दोन चेंडू आन एक जाळी दिली. जाळी बी जुनीच.

काल शिरवळला पयली प्रॅक्टिस झाली. तासभर पोरांना अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, घसा बसला, पर छाती कशी मोकळी झाली! लालासाहेबानं च्या पाजला. म्हनला, 'मेजर, आमचा संघ तसा दुबळा हाय. उंची न्हाई, नेम न्हाई. तुमाला करमंल ना हितं?'

म्हनलं, 'आवं लालासाहेब, उंची नसू द्या, नेम नसू द्या... ह्यात माझा जावई न्हाई ना, बास झालं!'