शिशाचे आकडे

हसू नका, पण आमच्या इंदापूरकडच्या साखर कारखान्यात एक्स-रेच्या फिल्मा धुवायचं काम माझं. फोटोआधी बॉयलरच्या प्रत्येक सांध्यावर शिशाचा आकडा चिकटवायचो, म्हणजे तो फोटोत उमटायचा.

मग पुण्याचे साहेब संगणक घेऊन आले. म्हणाले, "आबा, फिल्म संपली. आकडे भंगारात टाका."

बारा सांध्यांचे फोटो भराभर निघाले. एकात तडा दिसला. साहेब खूश!

मी हळूच विचारलं, "ह्यो कितवा सांधा, साहेब?"

बाराही सारखेच दिसत होते, आणि बॉयलर उद्या पेटवायचा होता. साहेबांना घाम फुटला. "आबा, ते आकडे टाकलेत का हो?"

"न्हाय. खिशात हायत."

एवढ्या शिकलेल्या संगणकाला एक ते बारा आकडे दाखवले, ते या अंगठेबहाद्दरानं!