ऐन मोसमात घरी

जयमाला : तुझ्या लेकाचं वागणं मला पटत नाही, सुचित्रा. सकाळपासून तीनदा विचारलं, आजी, चहा करू का. हा पोरगा इतका गोड कधीच नव्हता.

सुचित्रा : आई, धवल बोलत नव्हता तेव्हाही तुमची तक्रार, आता बोलतोय तरी तक्रारच. अमेरिकेत एकटा राहतो, शहाणा झाला असेल.

जयमाला : तीन वर्षं राहतोय. तीन दिवाळ्या कोरड्या गेल्या. तूच सांगायचीस ना, गणपती ते दिवाळी त्यांच्या सामन्यांचे दिवस, कॉलेज सोडत नाही. मग यंदा कसं सोडलं?

सुचित्रा : वर्ल्डकपमुळे. व्हॉलंटियर म्हणून कॉलेजनंच पाठवलंय. इथं दोहात वाढलेला मुलगा, हिंदी येतं, थोडं अरबी येतं.

जयमाला : या गावात यंदा काहीही झालं की वर्ल्डकप. रस्ता बंद, वर्ल्डकप. शाळांना सुट्टी, वर्ल्डकप. नातू घरी, वर्ल्डकप. अगं, तो फुटबॉल पायानं खेळायचा. आपला तो अमेरिकेतला फुटबॉल हातानं फेकतो, डोक्याला हेल्मेट बांधून. त्याचं इथं काय अडलंय?

सुचित्रा : व्हॉलंटियरला खेळायचं नसतं, आई. लोकांना रस्ता दाखवायचा, खुर्चीपर्यंत न्यायचं.

जयमाला : आठ दिवस झाले येऊन. एकदा तरी कुणाला रस्ता दाखवायला गेला? पडदे ओढून बसतो. घरात काळा चष्मा. परवा खाली हाफिजच्या बकाल्यात, वाणसामान आणायला पाठवला. दही, कोथिंबीर, काडेपेटी. कोथिंबीर घेऊन आला आणि दारात उभा, म्हणे आणखी काय होतं? आणि याला म्हणे शंभर डाव तोंडपाठ. त्याचा बाप गुरुप्रसाद सगळ्या वेस्ट बे भागाला सांगत फिरतो.

सुचित्रा : तुम्हाला म्हणायचंय काय? पितो तो?

जयमाला : मी वास घेतला. पीत नाही. मुलीचं काही असतं तर फोनला चिकटला असता, तर फोनकडे बघतसुद्धा नाही. म्हणून तर जास्त भीती वाटते.

सुचित्रा : तुम्ही उगाच...

जयमाला : उगाच? मग हे वाच. मघाशी तो अंघोळीला होता तेव्हा कुरिअरवाला देऊन गेला. माझ्या नावाचं. जन्मात मला कधी कुरिअर आलं नाही. माझी शाळा चौथीत सुटली, मी इंग्रजी कुठलं वाचते.

सुचित्रा : ग्रीटिंग कार्ड आहे. त्याच्या कोचचं. खाली सगळ्या टीमच्या सह्या. लिहिलंय, 'प्रिय जयमाला आजी, तुमची प्रकृती फार गंभीर आहे असं धवलनं सांगितलं. अशा वेळी त्यानं तुमच्याजवळ असावं म्हणून आम्ही त्याला सोडलं आहे. आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतो.'

जयमाला : कुणाची प्रकृती?

सुचित्रा : तुमची.

जयमाला : काय झालंय मला?

सुचित्रा : ते नाही लिहिलं.

जयमाला : हाक मार त्याला. आणि तू मध्ये बोलू नकोस. तू बोललीस की तो तुझ्या पदराआड जातो.

(धवल आतल्या खोलीतून येतो. डोळ्यांवर काळा चष्मा.)

जयमाला : बस. मी मरायला टेकले म्हणे.

धवल : हू टोल्ड यू दॅट?

जयमाला : तुझ्या टीमनं सह्या करून कळवलंय. मराठीत बोल.

धवल : सॉरी, आजी. कोचला काहीतरी सांगायला पाहिजे होतं.

जयमाला : त्यांना माझं आजारपण, आम्हाला वर्ल्डकप. आणि खरं काय?

धवल : नथिंग. थोडा ब्रेक पाहिजे होता.

जयमाला : चष्मा काढ.

धवल : आजी, ती लाईट डोळ्यांत घुसते...

जयमाला : सुचित्रा, ट्यूब बंद कर. आता काढ. कधीपासून आहे हे?

धवल : सप्टेंबर. मॅचमध्ये दोन मोठ्या मुलांनी मला पाडलं. डोकं आपटलं. मी उठलो. मग आम्ही सगळे गोल उभे राहतो, मी डाव सांगतो. मी सांगितला आणि सगळे हसायला लागले. आजी, मी मराठीत सांगत होतो. मला कळलंच नाही.

सुचित्रा : मराठीत? तू?

धवल : त्यांना वाटलं, जोक आहे. मग मीपण हसलो. मॅच पूर्ण खेळलो.

जयमाला : डॉक्टर?

धवल : माझा रूममेट, मुनाफ, तो घेऊन गेला. कॉलेजच्या डॉक्टरकडे नाही, बाहेर. डॉक्टर म्हणाला, ही सेकंड टाइम आहे. अजून एकदा लागलं तर परत नीट होणार नाही. म्हणाला, खेळणं बंद.

सुचित्रा : सेकंड म्हणजे? पहिलं कधी लागलं? धवल, पहिलं कधी?

जयमाला : तिला नंतर सांग. बंद म्हणाला ना? मग पुढे काय ठरवलंस?

धवल : जानेवारीत मोठं कॉलेज घेतंय मला. त्यांना हे माहीत नाही. तोपर्यंत मी बरा होईन. प्लीज, आजी, बाबांना नको सांगू.

जयमाला : का नको?

धवल : ते ऑफिसमध्ये सगळ्यांना माझे व्हिडिओ दाखवतात. आमचा क्वार्टरबॅक म्हणतात. मी त्यांना काय सांगू? मला दही लक्षात राहत नाही?

जयमाला : त्या खेळात तुझं नेमकं काम काय रे? फेकायचं, एवढंच?

धवल : फेकणं सोपं आहे. बॉल हातात आला की तीन सेकंद असतात. तेवढ्यात बघायचं, आपला कोण मोकळा आहे. त्याला द्यायचा. स्वतःकडे धरून ठेवला की मार बसतो.

जयमाला : लागून किती दिवस झाले?

धवल : सहा आठवडे.

जयमाला : सुचित्रा, रडणं पुरे. गुरुप्रसादला फोन लाव, म्हणावं असशील तसा घरी ये. कशाला म्हणाला तर म्हण, धवल सांगेल.

धवल : आजी, नको. बाबा...

जयमाला : जानेवारीचं खलास. तुझ्या बापाचा तोरा उतरेल, तर उतरू दे. माझ्यासमोर चार वेळा उतरलाय, दुसऱ्या दिवशी डबा घेऊन कामावर गेलाय.

धवल : तू रागावलीस?

जयमाला : मला खाटेवर पाडलंस त्याचा राग नाही. पण सहा आठवडे हे एकट्यानं कवटाळून बसलास. मी, तुझी आई, तुझा बाप, तिघंही मोकळे उभे होतो. खेळातलं मला कळत नाही, धवल. पण घरची माणसं ओळखायला तू कच्चा निघालास.