राजाच्या छताला जगन्नाथ

श्रीनाथ : ...आणि म्हणून सांगतो सविता, सूड ही नीच गोष्ट नाही. सूड ही एक कला आहे. तिला संयम लागतो, नजर लागते, आणि...

सविता : आणि शर्टाची बटणं नीट लागतात. एक वर चढलंय, बघा.

श्रीनाथ : आज तो मान वर करणार. सगळ्या पाहुण्यांसमोर.

सविता : आधी तुम्ही मान खाली करा नि बटण बघा. पण जगन्नाथ भावजी येणार हे नक्की ना?

श्रीनाथ : अजून भावजी?

सविता : जिभेची सवय. इतके तिळगूळ खाल्लेत त्यांच्या घरचे.

श्रीनाथ : हॉटेलच्या मालकांनी, नूरुद्दीन शेठनी, स्वतः बोलावलंय त्याला. इंटिरियरवाला एकूणएक माणूस येतोय. इथं बर दुबई भागातल्या हॉटेलात डेन्मार्कच्या राजाची खोली, कोण सोडेल?

सविता : लोण्याचा सौदा करायला कोपनहेगनला गेला आणि राजवाडा घेऊन आला तुमचा शेठ.

श्रीनाथ : हसू नकोस. अठराव्या शतकातला दिवाणखाना आहे. भिंतींना निळं रेशीम, चौकटींना सोन्याचा वर्ख, वाकड्या पायांची संगमरवरी टेबलं, दारांच्या वर मेंढपाळणींची चित्रं. शेठनी काढलेल्या फोटोंवरून मी एकेक नक्षी उचललीय. राणीच्या तसबिरीतली दुहेरी हनुवटीसुद्धा सोडली नाही.

सविता : आणि छत?

श्रीनाथ : छतही तसंच. ढग, देव, देवी, द्राक्षांचे घड. फक्त कोपऱ्यात तो दारू पिऊन लोळणारा आहे ना, वरून माणूस खालून बोकड, त्याला जगन्नाथचा चेहरा. चामखिळीसकट.

सविता : मिहिका काय म्हणाली ठाऊक आहे? "पपा, दॅट्स सो चाइल्डिश."

श्रीनाथ : मिहिका तेव्हा केवढीशी होती! त्याच्या कंपनीत असताना माझी डिझाइनं त्यानं स्वतःच्या नावावर खपवली. तोंड उघडलं तर व्हिसा कॅन्सल, वर परत यायला बॅन. आणि एअरपोर्टवर सोडायला आला! पाठीवर थाप मारून म्हणतो, "यल्ला, चल श्रीनाथ, गावी जाऊन जरा आराम कर." ती थाप अजून दुखते मला.

सविता : तुम्ही विमानात बसलात. इथं मी होते. मनोरमा वहिनी वॉशिंग मशीन न्यायला आल्या. म्हणे कंपनीचं आहे. मशीन चालू होतं, तेवढंही थांबल्या नाहीत. गळते कपडे बादलीत घालून दिले आणि म्हणाल्या, "पिळून घे हं, सविता."

श्रीनाथ : माहितीय मला.

सविता : तुम्हाला माहितीय. मला आठवतंय. म्हणून मी पेंटरला आणखी एक ढग काढायला लावला.

श्रीनाथ : काय?

सविता : बोकडाच्या शेजारी. त्यावर एक बाई बसलीय, पुढ्यात बादली. कपडे पिळतेय.

श्रीनाथ : डेन्मार्कच्या राजाच्या छताला?

सविता : का? अठराव्या शतकात धुणं नव्हतं? पंख लावलेत की तिला. नाक तेवढं मनोरमाचं.

श्रीनाथ : मला न विचारता?

सविता : तुम्ही बोकडाचं शेठना विचारलंत?

श्रीनाथ : ...नाक ओळखू येतं?

सविता : लांबून.

(साइटचा फोरमन किसन गाडीची किल्ली खुळखुळवत आत येतो.)

किसन : साहेब, चला लवकर, गाडी डबल पार्किंगला आहे. नमस्कार मॅडम. शेठ जाम खूश आहेत. जगन्नाथ साहेब नि मनोरमा मॅडम तर कधीचे येऊन बसलेत.

श्रीनाथ : खोलीत? वर बघितलं त्यानं?

किसन : बघितलं ना! मान पार मागे टाकून.

श्रीनाथ : मग? चेहरा कसा झाला?

किसन : म्हणाले, श्रीनाथचं फिनिशिंग मानलं पाहिजे. एक जॉइंट दिसत नाही.

सविता : चित्रात कसला जॉइंट?

किसन : चित्रात नाही मॅडम, जिप्सममध्ये.

श्रीनाथ : कुठलं जिप्सम?

किसन : फॉल्स सीलिंगचं. तुम्ही अबूधाबीच्या कामात होतात ना, तेव्हा एसीवाले हवेच्या ग्रिलसाठी भिंत कापायला लागले. शेठ भडकले. म्हणाले, माझ्या रेशमाला भोक पाडायचं नाही. मग हवेचा डक्ट छताखालून फिरवला.

श्रीनाथ : आणि मला फोन नाही केलास?

किसन : तुमचीच ऑर्डर आहे साहेब, सगळ्या साइटना. डक्ट टेस्ट झाला की विचारत बसायचं नाही, सीलिंग क्लोज करायचं. केलं. खलास.

श्रीनाथ : किसन... अरे, ते ढग?

किसन : आहेत की. डक्टच्या वर. सेफ आहेत एकदम.

सविता : आणि ती दोघं? काय करतायत आता?

किसन : कोपऱ्यातल्या ग्रिलखाली बसलीत, मॅडम. तिथं हवा चांगली लागते.