फक्कीतली पखुर्डी

(साखऱ्याचा गावमाळ. मे महिन्यातली सकाळ. खड्डे पाडायचं यंत्र जोडलेला ट्रॅक्टर बंद उभा आहे.)

गंगूताई : फक्की कोणी पुसली, तेवढं सांगा. काल प्रमोदनं माळभर चुन्याचे गोल मारले, अन् आज ही अख्खी ओळच गायब. चाँदभाई, टॅक्टर काहून बंद केला?

चाँद पाशा : ही माझी पोरगी चाकापुढं येऊन बसली, ताई. बसलेल्या लेकरावर टॅक्टर घालायची आपल्याकडं पद्धत न्हाई.

आलिया : फक्की मी पुसली. पायानं.

गंगूताई : व्हय का. उद्या तालुक्याचे साहेब झाडांचं काम बघायला येऊन राहिले, आलिया. रोपं शाळेपुढं येऊन पडलीत. गावची सरपंच मी हाय, का तू?

आलिया : तुमीच. म्हणून तर तुमाला दाखवायचंय. काल प्रमोदकाका फक्की मारत होते, मी मागं घमेलं धरून होते. एका गोलात मला पांढरा झालेला दगड दिसला. अन् त्या दगडानं डोळा मिटला.

गंगूताई : दगडानं.

आलिया : पखुर्डीची मादी होती. अंड्यांवर बसलेली. पाठीवर चुना पडला तरी जागची हलली न्हाई. तिचा रंग असा मातीचा, की दोन हातांवरनं दिसत न्हाई. चुना पडला म्हणून सापडली.

गंगूताई : मग तेवढा एक खड्डा सोडा. त्यापायी ओळ कशाला पुसायची?

आलिया : संध्याकाळी गेले तर अंडी फुटलेली, अन् पिल्लं तिथं न्हाईत. ही पिल्लं घरट्यात बसून चारा मागत न्हाईत. अंग वाळलं की चालू लागतात, आपलं आपण गवताचं बी टिपून खातात. आता ती या माळावर कुठंबी असतील.

गंगूताई : माझ्या पायाखालीबी?

चाँद पाशा : बघून पाय ठेवा, ताई. मी मघापासून एकाच जागी उभा हाय.

गंगूताई : हे बघ आलिया, मला पाखराचं वैर न्हाई. माझं माहेर शिरड शहापूरचं. सोयरीक जमली तवा माझी चुलती सगळ्यांपुढं म्हणाली, बोडक्या गावात देऊन राहिले पोरीला. अजूनबी लग्नकार्यात कोणी ना कोणी विचारतं, साखऱ्याच्या माळावर एखादं झाड उगवलं का. सरपंच झाले तवाच ठरवलं, इथं जंगल उभं करून दाखवीन.

आलिया : पण जंगल तिचं घर न्हाई. पखुर्डी झाडावर बसतच न्हाई. अन् झाड वाढलं की त्यावर ससाणा येऊन बसतो. तिला लांबवर दिसलं पाहिजे. हे उघडं रान पडीक न्हाई, ताई. तिची वस्ती हाय.

गंगूताई : उघड्या रानात, या उन्हात, पिल्लं पाणी कुठलं पितात? तलाव तर टेकडीपल्याड. तिथवर चालत जातात?

आलिया : न्हाई. बाप घेऊन येतो.

गंगूताई : चोचीत?

आलिया : पोटाच्या पिसांत.

गंगूताई : चाँदभाई, पोरगी थापा मारून राहिली.

चाँद पाशा : मलाबी आधी तसंच वाटलं. पण तलावावर एक पक्षी मी सकाळचा कितीदा पाहिलाय. पाण्यात पोट टेकून बसून राहतो. आंघोळबी करीना, उठंबीना. झाडपाल्याचं औषध देणाऱ्या जिवनबाईला मी म्हणलो, याला उष्णतेची तकलीफ असंल. तिनं त्याच्यासाठी सब्जाचं पाणी सांगितलं.

आलिया : तो नर असतो, अब्बा. पोटात काही झालेलं न्हाई त्याच्या. आधी कोरड्या मातीत पोट घासतो, पिसांवरचं तेल जावं म्हणून. मग पाण्यात बसतो. त्या पिसांचे बारीक तंतू पिळलेले असतात. भिजले की उलगडतात अन् पाणी धरून ठेवतात. आमचे सर म्हणाले, वजनाच्या मानानं स्पंजापेक्षा जास्त. मग तसाच ओल्या पोटानं उडत येतो.

गंगूताई : दाखव मग.

आलिया : आधी खाली बसा. माणूस उभं दिसलं की तो उतरत न्हाई.

गंगूताई : सरपंचाला मातीत बसवलं हिनं.

चाँद पाशा : माझंबी तेच झालं होतं सकाळी. बसा, पदराला काटा लागंल तेवढा बघा.

आलिया : आला. त्या काळ्या दगडाच्या डाव्या अंगाला.

गंगूताई : कुठं? मला तर... हां. उभा राहिला बघा कसा, छाती वर काढून.

आलिया : आता त्याच्यापुढची जमीन बघा.

गंगूताई : अगं, माती चालून राहिली की. एक. ते दुसरं. अन् ते मागं पडलेलं तिसरं. पोटाखाली घुसली सगळी. पिसं चोचीनं ओढून राहिलीत.

चाँद पाशा : गाईला वासरं लुचतात, बराबर तसं.

गंगूताई : इतकी वर्षं या माळावरनं गेले-आले मी. मान खाली घालून.

आलिया : लय ठिकाणी माळ नांगरले, ताई. आपल्याकडं अजून हाय.

गंगूताई : पोरगी तुमचीच ना, चाँदभाई?

चाँद पाशा : मघापासून मीबी मनात तेच म्हणून राहिलो. माझी हाय.

गंगूताई : रोपं ओढ्याच्या काठाला लागतील का?

चाँद पाशा : ओढ्याला, शाळेमागं, सेनगावच्या रस्त्याला. तिथं जगतीलबी. हितं खडकात निम्मी वाळली असती.

गंगूताई : अन् उद्या साहेबांना काय दाखवू?

आलिया : त्यांनाबी खाली बसवा.

गंगूताई : बसवते. अन् शिरडला चुलतीला फोन लावते. म्हणते, साखऱ्याचा माळ बोडका न्हाई. आमी मोकळा ठेवलाय.

चाँद पाशा : मग टॅक्टर चालू करून ओढ्याकडं घेऊ का?

गंगूताई : थांबा जरा. लेकरं पाणी पिऊन राहिलीत.